तिला गोष्टी कुणी विचारल्या नाहीत

बीच माउंटन हा अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या वायव्य कोपऱ्यातला डोंगर. उंची साडेपाच हजार फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा शंभरेक फूट जास्त. ॲपलाचियन पर्वतरांगेत याहून उंच शिखरं पुष्कळ आहेत. लोकगीतांच्या आणि लोककथांच्या अभ्यासकांना मात्र हाच डोंगर तोंडपाठ असतो, कारण त्याच्या उतारांवर हार्मन आणि हिक्स ही दोन घराणी राहिली. एकमेकांत सोयरिकी होता होता त्यांचा एकच गोतावळा झाला. त्यातला कौन्सिल हार्मन नावाचा म्हातारा १८९६ साली वारला. त्याला नाचगाण्याचा इतका नाद, की चर्चनं त्याला मंडळीतून काढावं, त्यानं पश्चात्ताप करून परत यावं आणि कुठे सूर कानावर पडला की पुन्हा पाय थिरकावेत, असं त्याच्याबद्दल घरात सांगत. मागे ठेवण्यासारखी इस्टेट त्याच्याकडे फारशी नव्हती. गाणी होती आणि गोष्टी होत्या.

पुढच्या शंभरेक वर्षांत या म्हाताऱ्याच्या नातवंडांच्या, पतवंडांच्या दारात पाहुणे येत राहिले. कुणी वही घेऊन आलं, कुणी ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन. प्रत्येकानं काहीतरी नेलं, आणि काय न्यायचं ते प्रत्येक जण येतानाच ठरवून आलेला होता. घरात काय आहे हे विचारण्याची रीत नव्हती. आपल्याला हवं ते आहे का, एवढंच विचारायचं.

पहिली हाक खरं तर जवळच्या केंटकी राज्यात ऐकू आली. मॅसॅच्युसेट्सची ऑलिव्ह डेम कॅम्पबेल आपल्या नवऱ्याबरोबर या डोंगराळ मुलखात हिंडत होती. जॉन कॅम्पबेल रसेल सेज फाउंडेशनच्या मदतीनं इथल्या लोकांच्या परिस्थितीची पाहणी करत होता. शाळा किती, रस्ते किती, दारिद्र्य किती, असली ती पाहणी. १९०८च्या सुमारास हिंडमन इथल्या शाळेत एका मुलीनं ऑलिव्हला ‘बार्बरा ॲलन’ गाऊन दाखवलं. शतकानुशतकं जुनं, इंग्लंड-स्कॉटलंडमधलं कथागीत, पुस्तकातून ऑलिव्हला ओळखीचं. या मुलीच्या तोंडी त्याची चाल मात्र ऑलिव्हनं कधी ऐकली नव्हती. नवरा शाळा मोजत असताना ती गाणी टिपू लागली. नवऱ्याच्या पाहणीच्या कागदांमागे बायकोच्या वहीत वेगळीच पाहणी जमत गेली, ही मला या साऱ्या इतिहासातली सगळ्यात आवडती गोष्ट वाटते.

१९१५च्या उन्हाळ्यात ही वही घेऊन ती सेसिल शार्पला भेटली. शार्प हा इंग्लंडमधला नावाजलेला लोकगीत-संग्राहक. त्या वेळी तो मॅसॅच्युसेट्समध्ये कंबरदुखीनं अंथरुणाला खिळला होता. महायुद्धानं इंग्लंडमधलं त्याचं काम ठप्प झालेलं, पोटापाण्यासाठी तो अमेरिकेत व्याख्यानं देत, नाच शिकवत फिरत होता. लोक त्याला सारखं काहीबाही आणून दाखवत, त्यातलं बहुतेक कुचकामाचं असे. ऑलिव्हची वही पाहून मात्र पुढच्या वर्षी या डोंगरात जायचंच, असं त्यानं ठरवलं.

१९१६च्या जुलैअखेर तो आला. बरोबर त्याची सहकारी मॉड कार्पेलीस. काम दोघांनी वाटून घेतलं होतं. चाल शार्पनं कागदावर उतरवायची, शब्द मॉडनं लघुलिपीत. यंत्र जवळ नव्हतंच. शार्प पंचावन्नच्या पुढचा, दम्याचा रोगी आणि वर शाकाहारी. डुकराच्या चरबीत तळलेल्या त्या मुलखात त्यानं काय खाल्लं असेल हे त्याचं त्याला ठाऊक. रस्ते नव्हतेच, बहुतेक वाट पायीच तुडवायची. युद्धाचे दिवस होते. कागदावर विचित्र खुणा करत हिंडणारी ही परकी माणसं जर्मन हेर तर नाहीत ना, अशी कुजबुजही काही ठिकाणी झाली.

इंग्लंडमध्ये शार्पला सत्तरी ओलांडलेले म्हातारे शोधून काढावे लागत, त्यांची आर्जवं करावी लागत. इथे लहान मुलं गात होती, बायका स्वयंपाक करता करता गात होत्या. माणसं बोलतात तितक्या सहज जिथे गातात असा समाज आपल्याला पहिल्यांदाच भेटला, अशा अर्थाचं त्यानं पुढे लिहिलं. एक गंमत त्याला आधी शिकून घ्यावी लागली. जुनं गाणं म्हणा म्हटलं, की लोक चर्चमधली भजनं सुरू करत. त्याला हवी होती ती कथागीतं. दगाबाज प्रियकरांची, बुडवून मारलेल्या बहिणींची, लढाईवरून न परतलेल्या सरदारांची. त्यांना इथे ‘प्रेमगीतं’ म्हणत. मग तो प्रेमगीतं मागू लागला आणि दारं उघडली.

त्या ऑगस्टमध्ये मॅडिसन काउंटीतल्या हॉट स्प्रिंग्ज या गावी त्याला जेन हिक्स जेन्ट्री भेटली. कौन्सिल हार्मनच्या मुलीची मुलगी. १८६३ साली जन्मलेली, नऊ लेकरांची आई. लहानपणीच आईबापांबरोबर बीच माउंटनच्या बाजूच्या वॉटॉगा काउंटीतून मॅडिसनमध्ये आलेली. पुढे शेत सोडून ती हॉट स्प्रिंग्जला आली ती मुलांना मिशनच्या शाळेत घालता यावं म्हणून. शार्पला या मिशनच्या शाळा डोळ्यांसमोर नको असत. शाळेतली नवी गाणी शिकली की मुलं घरची विसरतात, ही त्याची तक्रार, आणि ती खोटी नव्हती. पण ज्या बाईनं त्याला सगळ्यांत जास्त दिलं, ती शाळेच्या ओढीनंच त्या गावात आली होती. तिला दोन्ही हवं होतं. शार्पच्या हिशेबात अशा बाईला जागा नव्हती, तरी वहीत तिलाच सर्वांत जास्त जागा मिळाली. सुमारे ७० गाणी त्यानं तिच्याकडून टिपली. त्याच्या २८१ गायकांपैकी इतकी कुणाचीच नाहीत.

१९१६, १९१७ आणि १९१८ मिळून शार्प आणि मॉड ४६ आठवडे या डोंगरांत राहिले. एकूण १,६१२ चाली जमल्या. पहिलं पुस्तक १९१७ साली निघालं, त्यावर ऑलिव्हचंही नाव होतं. शार्प १९२४ साली वारला. मोठी दोन खंडांची आवृत्ती मॉडनं १९३२ साली सिद्ध केली. पुस्तकाच्या नावात ‘इंग्रजी लोकगीतं’ असे शब्द आहेत आणि ते अपघातानं आलेले नाहीत. समुद्रापार, डोंगरांच्या कडीकुलुपात आपल्या इंग्लंडचा निर्भेळ नमुना सापडला, अशी शार्पची श्रद्धा होती. जे या श्रद्धेत बसेना ते वहीत आलं नाही, किंवा अगदी थोडं आलं. भजनं राहिली. बँजो, जो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर या देशात आला आणि तोवर डोंगरातल्या गोऱ्या घरांतही खुंटीला लागलेला होता, तो राहिला. काळे गायक तर जवळजवळ सगळेच राहिले. १९१८ साली व्हर्जिनियात मारिया टोम्स नावाच्या, एके काळी गुलाम असलेल्या ८५ वर्षांच्या बाईनं त्याला ‘बार्बरा ॲलन’ म्हणून दाखवलं होतं. वही पुढे सरकली. शार्पच्या रोजनिशीत काळ्या माणसांविषयी जे शब्द आहेत ते आज वाचवत नाहीत.

आणि ही जमीन तरी मुळात कुणाची? १८३८ साली चेरोकी लोकांना सैन्य लावून इथून पश्चिमेला हाकललं. डोंगरात दडून जे थोडे मागे राहिले, त्यांच्यातल्या स्विमर या जाणत्या वैद्याकडून जेम्स मूनीनं १८८७ ते १८९०च्या दरम्यान कथा आणि मंत्र टिपून घेतले होते. त्याचा चेरोकी पुराणकथांचा ग्रंथ १९०० साली छापून झाला होता. शार्प ज्या वाटांनी हिंडला तिथून ही वस्ती काही फार लांब नव्हती. पण डोंगरातलं जुनं गाणं म्हणजे इंग्लंडचं, हे एकदा ठरलं की तिकडे मान वळायचं कारणच उरत नाही.

जेनकडे परत येऊ. शार्प तिच्याकडे अनेकदा गेला, पण गोष्टी त्यानं मागितल्या नाहीत. हा त्याचा दोष म्हणायचा का? तो चालींचा माणूस होता. चाल टिपायला पाच रेषा असतात, वर ठिपके देता येतात. शिवाय हार्वर्डच्या फ्रान्सिस चाइल्ड या प्राध्यापकानं १८८२ ते १८९८ या काळात ३०५ कथागीतांची क्रमवार यादी छापून ठेवली होती. डोंगरातल्या बाईनं तोंड उघडलं की हे चाइल्डचं अमुक क्रमांकाचं, असं लगेच सांगता येई. गीताला असा क्रमांक होता, प्रतिष्ठा होती. स्वयंपाकघरातल्या गोष्टीला यातलं काय होतं?

आणि गोष्टी तर जेनकडे रग्गड होत्या. बहुतेक जॅकच्या. आपल्याकडे इंग्रजी पाठ्यपुस्तकातून आलेला, वाल पेरून आभाळात चढणारा जॅक तोच हा. तिथे मात्र त्याच्या एका नव्हे, डझनावारी गोष्टी. तो थोरल्या भावांपुढे खुळा ठरलेला धाकटा, खिशात दमडी नाही, चालायला लागला की वाटेत म्हातारा भेटतो. त्याला जॅक आपल्या शिदोरीतला तुकडा देतो आणि तिथून नशीब फिरतं. आपल्या कहाण्यांतला आटपाट नगरातला गरीब ब्राह्मण ज्यांनी ऐकलाय, त्यांना हा पोरगा अनोळखी वाटायचा नाही. एका गोष्टीत थंडीनं गारठलेला जॅक वायव्येचा वारा ज्या भोकातून येतो ते बुजवायलाच निघतो. दुसऱ्या गोष्टीत तो प्रत्यक्ष मरणाला पोत्यात कोंडतो, पोतं उंच झाडाला टांगतो, आणि मग वर्षानुवर्षं कुणी मरेच ना. पिकून गेलेली, कंटाळलेली म्हातारी माणसं वाटेवर भेटायला लागल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपण काय करून बसलो. या गोष्टींत राजाही असतो, पण मुकुटबिकुट काही नाही. तो ओसरीवर बसलेला असतो आणि जॅक आला की स्वतः उठून त्याला घरात घेतो. डोंगरातल्या माणसानं बड्यात बडा माणूस पाहिला तो दोनशे एकराचा शेतकरी. त्याचा राजा तसाच व्हायचा.

जेनची मुलगी मॉड लाँग हिनं पुढे सांगितलं, की हिवाळ्याच्या लांबलचक संध्याकाळी लोकर साफ करायची असे. त्यातले काटे-कुसळं निवडायचं काम मुलांचं. काम किचकट, डोळे मिटायला लागत. मुलांचे हात चालते राहावेत म्हणून आई जॅकची गोष्ट सांगायला घेई. गोष्ट म्हणजे कामाचं वंगण. ही सगळी सोय शार्पच्या भेटीत दिसण्यासारखी नव्हती. तो उन्हाळ्यात आला होता, लोकर हिवाळ्यात निवडत.

अखेर १९२३ साली इसाबेल गॉर्डन कार्टर ही तरुण संशोधक आली आणि तिनं गोष्टी मागितल्या. जेननं सांगितल्या, कार्टरनं बोलीसकट उतरवून घेतल्या. १९२५ साली त्या अमेरिकन लोकविद्येच्या नियतकालिकात छापून आल्या, आणि त्याच वर्षी जेन वारली. दोन वर्षं इकडचं तिकडे झालं असतं तर या आजीच्या तोंडचं गद्य आज कुणाकडेच नसतं. तिचा आवाज मात्र राहिला नाही. आवाज राहिला मुलीचा. १९४७ साली लायब्ररी ऑफ काँग्रेसनं मॉड लाँगकडून जॅकच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून घेतल्या आणि पुढे त्यांच्या तबकड्या काढल्या. मॉड स्वतः शिक्षिका होती. शाळा गाणी-गोष्टी मारते या शार्पच्या भीतीला हे घरातूनच मिळालेलं उत्तर म्हणता येईल, पण एका घरावरून नियम काढण्यात अर्थ नाही.

मधल्या काळात रिचर्ड चेस हा संग्राहक आला. १९३५ साली बीच माउंटनच्या मार्शल वॉर्ड या शिक्षकाकडून त्याला कळलं, की आमच्या घरात जॅकच्या गोष्टी अजून सांगतात. चेस डोंगरात गेला, राहिला, ऐकल्या, आणि १९४३ साली पुस्तक काढलं. ते घरोघरी गेलं, आजही छापलं जातं. पण त्यानं एकाचं तोंड, दुसऱ्याचं धड आणि तिसऱ्याची शेपटी घेऊन गोष्टी जोडल्या, वर स्वतःचा हात फिरवला. जॅक सुटसुटीत झाला, थोडा सभ्यही झाला. त्यापायी अभ्यासकांनी चेसला बराच झोडपला आहे. मी त्यांच्या बाजूचा आहे, पण पूर्ण नाही. कार्टरचा तंतोतंत मजकूर नियतकालिकाच्या जुन्या अंकांत पडून होता. जॅक देशभरच्या मुलांपर्यंत गेला तो चेसच्या हातून. डोंगरातल्या सांगणाऱ्यांचा राग वेगळाच होता. आजोबांनी दिलेल्या गोष्टीवर आता बाहेरच्या माणसाचा हक्क कसा?

हाच प्रश्न गाण्याच्या बाबतीत फार कडवटपणे आला. १९३८ साली न्यूयॉर्कचं एक जोडपं, फ्रँक आणि ॲन वॉर्नर, बीच माउंटनवर आलं. त्यांनी डल्सिमर नावाचं डोंगरी तंतुवाद्य पाहिलं होतं आणि ते बनवणारा नेथन हिक्स त्यांना भेटायचा होता. नेथनचा जावई फ्रँक प्रॉफिटही तिथे होता. तंबाखू पिकवणारा, सुतारकाम करणारा, हातानं बँजो घडवणारा माणूस. त्यानं त्यांना टॉम डूलाचं गाणं ऐकवलं. डूला हा जवळच्याच विल्क्स काउंटीतला माजी सैनिक. लॉरा फॉस्टर हिच्या १८६६ सालच्या खुनासाठी १ मे १८६८ रोजी स्टेट्सव्हिलमध्ये तो फासावर गेला. प्रॉफिटच्या आजीनं टॉम आणि लॉरा दोघांनाही पाहिलेलं. म्हणजे प्रॉफिटच्या घरी हे गाणं नव्हतं, गावातली बातमी होती.

फ्रँक वॉर्नर ते गाणं वर्षानुवर्षं आपल्या कार्यक्रमांत गात राहिला. १९४७ साली ते लोकगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्सच्या संग्रहात छापलं गेलं. तिथून ते किंग्स्टन ट्रिओ या तीन तरुणांच्या तोंडी गेलं आणि १९५८च्या नोव्हेंबरात ‘टॉम डूली’ अमेरिकेतलं पहिल्या क्रमांकाचं गाणं झालं. प्रॉफिटनं ते टीव्हीवर पाहिलं. घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं, बाहेर डोंगरावर जाऊन रडलो, अशा अर्थाचं त्यानं नंतर पत्रात लिहिलं. पैशाचं दुःख त्यात असेलही, पण मला वाटतं आजीनं पाहिलेल्या माणसाला मांडवात नाचवलेलं पाहण्याचं दुःख जास्त असावं. कायद्याला यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. लोकगीताला कर्ता नाही म्हणून मालक नाही, पण त्याची नवी मांडणी करणारा मात्र आपल्या नावावर हक्क नोंदवू शकतो. गाण्याच्या हक्कांबाबत १९६२ साली तडजोड झाली. गाणं खपायचं तेवढं खपून झालं होतं. त्याच वर्षी प्रॉफिटची स्वतःची तबकडी निघाली. तीन वर्षांनी तो वारला.

१९३८च्या त्या भेटीच्या वेळी नेथनचा मुलगा रे पंधरा वर्षांचा होता. पाहुण्यांना गाणी हवी होती. त्या पोराला गोष्टी येत होत्या, आजोबा बेंजामिन हिक्सकडून घेतलेल्या. तो वाढून जवळजवळ सात फुटांचा झाला. आयुष्यभर त्याच डोंगरावर, त्याच लाकडी घरात राहिला, शेती केली, जंगलातली मुळं-पाला गोळा करून विकला. १९६३ साली त्याच्या चार गोष्टींची तबकडी निघाली. दहा वर्षांनी टेनेसीतल्या जोन्सबरो या जुन्या, ओस पडत चाललेल्या गावात जिमी नील स्मिथ या शिक्षकानं कथाकथनाचा महोत्सव भरवला. गावात चार माणसं यावीत, दुकानं चालावीत, इतका साधा हेतू. गवताच्या गाडीचं व्यासपीठ, साठेक श्रोते. रे हिक्स तिथे होता, आणि पुढे जवळजवळ दरवर्षी होता. श्रोते साठावरून हजारांवर गेले. १९८३ साली त्याला राष्ट्रीय वारसा पाठ्यवृत्ती मिळाली. जॅक खरा होता का, असं कुणी विचारलं, तर मीच जॅक, असं तो सांगे. तंबूत बसलेल्या हजार लोकांसमोरही तो परसातल्या चार पोरांना सांगावं तसा सांगत असे. वेळेचं भान नाही, शब्दांना शहरी पॉलिश नाही. काही श्रोत्यांना त्याची निम्मी बोली कळत नसे. तरी ते बसत. २००३च्या एप्रिलमध्ये तो गेला.

त्याच्या नात्यातला ऑर्व्हिल हिक्स बून गावाजवळच्या कचरा-संकलन केंद्रावर नोकरीला होता. लोक गाडीत रिकाम्या बाटल्या, पुठ्ठे घालून येत, ते टाकत, आणि ऑर्व्हिलनं जॅकची गोष्ट काढली की तिथेच उभे राहत. हात रिकामे झालेले, परतायची घाई नाही. लोकर निवडण्याइतकी ती वेळ चांगली नसेल, पण वाईटही नव्हती.

हॉट स्प्रिंग्जमधलं जेन जेन्ट्रीचं पांढरं घर अजून उभं आहे. जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारी ॲपलाचियन पायवाट या गावाच्या मुख्य रस्त्यावरूनच जाते, आणि पाठीवर ओझं घेतलेले वाटसरू त्या घरात मुक्कामाला उतरतात. जवळ राज्य सरकारची एक पाटी आहे. सेसिल शार्पनं १९१६ साली या भागात कथागीतं गोळा केली, त्यातली बरीच देणारी जेन जेन्ट्री इथे राहत होती, असं तीवर आहे. गोष्टींचा उल्लेख नाही.